चिमणीच्या पावलाची पाटलोण

लोणावळा, ता. ४ फेब्रुवारी १९४६

चि. उम्मेहानीस,
खुर्शीदाचे सलाम आणि पोटभर दुवा. वि. वि.

पहिली झुंबरबाई आली. महिपतीची बायको गं, वलवणची. टेकायच्या आधीच पाणी मागितलं. मागून महिपती, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. मला वाटलं भाऊबंदांशी भांडून घर सोडलं. तर ट्रंकेत काय, पाटलोणी! चौदा सालच्या लढाईतल्या, शिपायांच्या खाकी पाटलोणी. अकरा नग, मधे मधे कडुलिंबाचा पाला. हा बाबा पलटणीच्या गोदामात नोकरीला होता. आता बसऱ्याहून परतलेल्यांच्या घरी जाऊन जुन्या पाटलोणी मागून आणतो. झुंबरबाई म्हणाली, लोकांच्या घरी देव जमतात, आमच्या घरी ढुंगणं जमलीत. आपली नात मदिना हसता हसता चहा सांडून बसली.

एका पाटलोणीचं काज उसवलं होतं, ते नीट करून दे म्हणून आले होते. प्रत्येकीला त्यानं चिठ्ठी बांधलीय, कुणाची, कुठल्या गावची. हिच्यावर लिहिलेलं, कामशेतच्या भिमाजीची, विलायती माल, काजं मशिनची. मशिनची! उमे, माझं डोकंच फिरलं. पाटलोण उलटी केली तर शेवटच्या काजाखाली काळ्या दोऱ्याचे तीन टाके. चिमणीचं पाऊल! त्या लढाईत पलटणीच्या पाटलोणींची काजं घरी करताना, आपले नग ठेकेदाराला कळावेत म्हणून मी घालायचे तीच खूण. बोटं डावीकडं वळलेली, अगदी जिवंत. महिपतीला असा झाडला की बस. म्हटलं, विलायत काय माझ्या उंबऱ्यात बसली होती? फाड ती चिठ्ठी. फाडली लगेच. नवीवर लिहिणार आहे, काजं लोणावळ्याच्या खुर्शीदाबींची. एकोणतीस वर्षांनी माझं नाव लागणार! पाटलोण माझ्याकडं ठेवून गेलेत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आपा,
खुर्शीदा


कान्हे, ता. ७ फेब्रुवारी १९४६

ती. आपास,
उम्मेहानीचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र चुलीत घालणार होते. पण त्यात तूच तुझ्या हातानं कबुली दिलीस, म्हणून ठेवलंय. बोटं डावीकडं वळलेली म्हणतीस. आपा, तुझ्या चिमण्या उजवीकडं जायच्या. डावखुरी मी.

त्या सालच्या रमजानच्या रोज्यांत तुझ्या बोटाला नखुरडं झालं, हात सुपाएवढा सुजला, आन् पाटलोणींचे दोन गठ्ठे तसेच पडलेले. ते मी उरकले. सोळा वर्सांची होते. डाव्या हाताचं काम ठेकेदाराला चालायचं न्हाई म्हणून तू मला परड्यात बसवलंस आन् खूण तुझी घालायला लावलीस. ठेकेदार म्हणाला, अशी काजं मशिनलाबी जमायची न्हाईत. शाबासकी तुला. मी दाराआड.

डाव्या हातानं जेवले की अम्मी पळीनं मारायची, ते मी माफ केलं. पण सासरी सुई उजव्या हातात धरायला शिकले आन् त्यापुढं माझं एक काज कुणी वाखाणलं न्हाई. जन्मात बरी झाली ती तेवढीच. तीबी तू तुझ्या नावावर लावतीस? माझ्या चिमण्या मला दे. मग लोभ. तोवर नुसता सलाम.

उम्मेहानी


लोणावळा, ता. १० फेब्रुवारी १९४६

चि. उम्मेहानीस,
सलाम. मागच्या पत्रातली दुवा शिल्लक असेल तर ती वापर. वि. वि.

तुझं पत्र वाचून मदिनाला सांगितलं, तुझी मावसआजी खोटारडी आहे. मग उशीच्या अभ्र्यावर तीन टाके घातले. उजवीकडं गेले. पुन्हा घातले, उजवीकडं. पाच वेळा घातले गं. मेली एक चिमणी डावीकडं वळेना. नखुरडं मला आठवतं. ठणका आठवतो, शेक आठवतो. हात कुणी चालवला तेवढंच विसरले! माझा मला इतका राग आलाय की मदिना दोन दिवस लांबूनच जेवायला वाढते.

पण तुझ्यावर जास्त आलाय. एकोणतीस वर्षं तोंडात सुई धरून बसली होतीस काय? ईदेला येतेस, शीरखुर्मा ओरपतेस, आणि एक शब्द नाही!

तशीच चालत वलवणला गेले. माझं नाव घालू नको म्हटलं, तर महिपती भडकला. म्हणाला, आज मशिन, उद्या तुम्ही, परवा बहीण, माझी चिठ्ठी आहे का धर्मशाळा? डाव्या हातानं काज करून दाखवलं तरच तिचं नाव, नाहीतर कोरी चिठ्ठी. झुंबरबाईनं त्याला गप केलं, पण तो अट काही सोडेना. मीही सांगून आले, माझी बहीण येईल आणि तुझ्या नाकासमोर करून दाखवेल.

आता हात वळत नाही असली रड मला नको. अम्मी नाही, पळी नाही. बुधवारीच गाडीनं ये आणि चार चिंध्यांवर हात बसव. उसवलेल्या काजाला मी शिवले नाही. ते तुझं आहे.

लोभ ठेव, नाहीतर इथं येऊन भांड.
तुझी आपा,
खुर्शीदा

ता. क. सुई ओवून उशीच्या डाव्या अंगाला टोचून ठेवलीय. परड्यात नाही, पुढच्या दारात बसायचं. महिपती आणि झुंबरबाई बेस्तरवारी बघायला येणार आहेत.