कॅमेरा म्हणजे खोली

२ फेब्रुवारी. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. कारण तसंच मोठं आहे. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी वीस तारखेच्या व्याख्यानासाठी मला गळ घातली. (ठरलेले वक्ते आयत्या वेळी येत नाहीत म्हणून. पण गळ ती गळच.) विषय मीच दिला: ‘कॅमेरा: एका शब्दाचा युरोपभर प्रवास’. तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाने हा विषय नाही मांडायचा तर कोणी?
संकल्प: वीस भाषा. रोज एक. दिवस अठराच आहेत, म्हणजे दोन रविवारी डबल.

३ फेब्रुवारी.
लॅटिन उरकली. कॅमेरा म्हणजे कमानदार छत. शब्द मूळचा ग्रीकांचा. पुढे त्या छताखालची खोलीच कॅमेरा झाली. इटलीत अजूनही खोलीला कॅमेराच म्हणतात. हॉटेलात कॅमेरा मागा, किल्ली देतील.
हिला हे सांगितलं. ही म्हणाली, धाकट्या भावजींचा खोकला महिनाभर थांबत नाहीये, तुम्हाला ऐकू येत नाही का? म्हटलं, येतो ना. म्हणून तर लॅटिनला अख्खा दिवस गेला.
नोंदीसाठी: स्टुडिओची मुळात एकच खोली. तीन वर्षांपूर्वी मधोमध प्लायवूड ठोकलं. अलीकडे मी, पलीकडे धाकटा भाऊ आणि त्याचं झेरॉक्स-लॅमिनेशन. आमचा जुना लाकडी कॅमेरा त्याने मला न विचारता विकला. तेव्हापासून बोलणं बंद. चूक त्याची, तेव्हा आधी तो बोलेल. मी मनात काही ठेवणारा माणूस नाही.

६ फेब्रुवारी.
पलीकडचं शटर दोन दिवस बंद. छान शांतता. भाषणाला पोषक.
रशियन झाली. तिथे कॅमेरा म्हणजे तुरुंगाची कोठडी. स्टेशनवर सामान ठेवायची जागाही कॅमेरा. सायकलच्या टायरातली ट्यूबसुद्धा! पोर्तुगालात नगरपालिकेच्या नावात हाच शब्द. आणि आपला फोटोचा डबा सगळ्यात शेवटी आला. लॅटिनमध्ये ‘अंधारी खोली’ म्हणायचे, त्यातलं ‘अंधारी’ गळून गेलं.
संध्याकाळी: ही सांगते, धाकट्याला दवाखान्यात ठेवलंय. फुप्फुसात पाणी झालंय. भेटायची वेळ चार ते सहा. नेमकी माझी चिंतनाची वेळ.

९ फेब्रुवारी.
भावजय स्टुडिओत आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. सांगत होती की चार वाजले की ते दाराकडे बघत राहतात. मी म्हटलं, वीस तारीख होऊ दे, मग येतोच. भाषणाची प्रत घेऊन येतो, त्यालाही वाचायला काहीतरी होईल.
ती आरशाजवळ दोरीला बांधलेल्या कंगव्याकडे बघत होती. गिऱ्हाइकाने केस विंचरल्याशिवाय मी फोटोच काढत नाही, हा स्टुडिओचा पहिल्यापासूनचा नियम. तिने विचारलं, हा कंगवा नेऊ का? विचित्र मागणी. पण मी काही कंजूष नाही. ने म्हटलं. लगेच नवा आणून बांधला.

१२ फेब्रुवारी.
सापडलं! ‘कॉम्रेड’ हा शब्द कॅमेऱ्याचा सख्खा पुतण्या निघाला. स्पॅनिशमध्ये ‘कामारा’ म्हणजे खोली. एका खोलीत राहणारे सैनिक ते ‘कामारादा’. तिथून फ्रेंच, जर्मन, इंग्रजी. टाळ्या इथेच पडणार.
उदाहरण म्हणून आमचंच लिहिलं. वीस वर्षं मी आणि धाकट्याने एका डार्करूममध्ये काम केलं. अंधारात ट्रे पुढे केला की तो पकडायला त्याचा हात असायचाच. हाक मारावी लागली नाही कधी. नवा रोल घातला की उजेड जमतोय का बघायला मी आधी त्यालाच स्टुलावर बसवायचो. पहिली फ्रेम त्याची, मग गिऱ्हाईक. ती फ्रेम फुकट जायची. कापून टाक म्हणायचो.
हे वाचून पाहिलं. बरं झालं होतं. मग खोडलं. चूक त्याची आहे.

१५ फेब्रुवारी.
आज पावणेचारला निघालो. खरंच. इस्त्रीचा शर्ट, चपला, बस स्टॉप. बसही आली. तेवढ्यात आठवलं, फ्रेंच खोली, ‘शांब्र’, राहिलीय. परत फिरलो.
इथे दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. फ्रेंचचं काही एवढं नव्हतं. आत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, तेच ठरेना. युरोपभर हिंडतोय आणि मराठीतलं एक वाक्य सुचत नाही. ‘कसा आहेस’ म्हणावं, तर त्याला तीन वर्षं उशीर झालाय.
उद्या नक्की.

१६ फेब्रुवारी.
सर्दी. दवाखान्यात सर्दी घेऊन जाणं बरं नव्हे. त्याच्याच भल्यासाठी.

१८ फेब्रुवारी.
भाषा आठ झाल्या. वीस म्हणण्याऐवजी ‘अनेक’ म्हणावं, ते भारदस्त वाटतं. ही दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. तिलाही भाषणाचं टेन्शन आलेलं दिसतं.
नवा संकल्प: एकवीस तारखेला दुपारी चार, दवाखाना. पहिलं वाक्य सुचलंय. ‘तो कॅमेरा जड होता, बरं झालं विकलास.’ हलकंफुलकं. तो हसेल.

२१ फेब्रुवारी.
काल पाच वाजता व्याख्यान झालं. श्रोते नऊ. त्यात ही आणि वाचनालयाचा वॉचमन.
‘कॉम्रेड’पाशी आलो. ऐन वेळी न राहवून डार्करूमचं खोडलेलं उदाहरण सांगून टाकलं. मागच्या रांगेतून हुंदका ऐकू आला. वाटलं, जमलं आपल्याला. म्हणून आणखी पाच मिनिटं ताणलं.
ही होती. हातात फोन होता. मी बोलत होतो तेव्हाच, सव्वापाचला, धाकटा गेला.
दवाखान्यात पोचलो तेव्हा भेटायची वेळ संपली होती. तरी सोडलं आत. कोणी अडवलं नाही.

२५ फेब्रुवारी.
भावजय आली. आज बसली. भिंतीवर लावायला त्याचा एक फोटो हवाय. समोर बघणारा, नीट केस विंचरलेला.
सगळे अल्बम काढले. घरातल्या सगळ्या लग्नांचे फोटो आम्हीच काढलेले. स्वतःच्या लग्नात तो मुंडावळ्यांआड, बाकी कुठेच नाही. तो फ्लॅश धरून माझ्या मागे असायचा.
मग तिने पलीकडच्या दुकानातून एक बुटांचं खोकं आणलं. त्या पहिल्या फ्रेम्स. मी कापून टाक म्हणायचो, तो कापून ठेवायचा. वर्षावर्षांच्या पाकिटांत.
कंगवाही तिने परत दिला. सांगत होती, पावणेचार वाजले की तो स्वतःचे केस विंचरून घ्यायचा. रोज. हात उचलवेना तेव्हा तिच्याकडून. दुसरा कंगवा चालायचा नाही, स्टुडिओतलाच हवा म्हणून त्यानेच तिला पाठवलं होतं. म्हणायचा, दादा येईल, विस्कटलेले केस बघून ओरडेल.

२६ फेब्रुवारी. सकाळी १०.
शटर अर्धं खाली. निगेटिव्ह उजेडावर धरून एकेक बघितली. चारशेच्या वर आहेत. निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात, त्यामुळे सगळीकडे तो म्हातारा झालेला दिसतो.
प्रत्येकात स्टुलावर बसून सरळ माझ्याकडे बघतोय. पण केस विंचरलेला एकही नाही. त्याला मी कधी ‘केस विंचर’ म्हटलंच नाही. मला फक्त उजेड बघायचा असायचा.