फरशीखालचं अंगण

अहो,

तुम्हाला नावानं हाक मारायची सवय मला कधी लागली नाही, म्हणून पत्रावरही नाव नाही. पंधरा दिवसांपूर्वी तुमचं वर्षश्राद्ध झालं. सगळे तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलले. मी नाही बोलले. लोकांना वाटलं, सुनंदाला रडू आवरत नाही. तसं नव्हतं. माझा तुमच्यावरचा राग गेलेला नव्हता. मेलेल्या माणसावर रागवावं का? पण होता.

आज दुपारी तो गेला. म्हणून आजच लिहिते, उद्यावर टाकलं तर राहून जाईल. हल्ली माझं सगळंच राहून जातं.

आठवतं ना, अंगणातला पश्चिमेचा कडुनिंब? घर बांधलं तेव्हा आपोआप उगवला आणि वाढत गेला. दुपारनंतरचं ऊन तो घरावर पडूच द्यायचा नाही. तुमच्या आईंची बाज त्याच्याखाली, माझं भाजी निवडणं त्याच्याखाली. आठ वर्षांपूर्वी मी भाचीच्या लग्नासाठी चार दिवस काटोलला गेले आणि परत आले तर निंब नव्हता! दारापासून फाटकापर्यंत नुसती गुळगुळीत फरशी. तुम्ही फाटकाशी उभे होतात, नवं घर दाखवावं तसे.

"पाहा, साफ एकदम!"

"झाड काहून तोडलं?" एवढंच मी विचारलं.

"गाडी ठेवायले जागा पाहिजे न."

गाडी तेव्हा नव्हती आणि पुढेही कधी आली नाही. तुमच्याशी मी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी बोलले, पण ते बोलणं पहिल्यासारखं झालं नाही, हे तुम्हालाही कळत होतं ना?

वस्तीचं नाव नंदनवन आणि आपल्या दारात गवताची काडी नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. तुम्ही हसायचात. मला वाटायचं, ह्या माणसाला काहीच वाटत नाही.

तुमचा शेवटचा उन्हाळा. फरशी दिवसभर तापायची आणि दिवेलागणीनंतरही पाय ठेववत नसे. कूलर आतली गरम हवाच फिरवत राहायचा. एकदा बाजारातून आलात, पिशवी ठेवली आणि कूलरसमोर जमिनीवरच आडवे झालात. म्हणालात, "लय गरम होऊन राहिलं वं, सुनंदा."

मी काय म्हणाले? "झाड तोडलं न तुम्ही? भोगा आता."

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. श्रावणात तुम्ही गेलात. छातीत कळ आली म्हणालात आणि रिक्षा येईपर्यंतही थांबला नाहीत. ते "भोगा आता" मात्र घरातच राहिलं. भांडी घासताना ऐकू येतं, आईंना आंघोळ घालताना ऐकू येतं.

आईंचं तुम्हाला कसं सांगू? तुम्ही गेल्यावर त्या तुळशीपुरत्याच बाहेर पडत. आश्विनात एका सकाळी भुरभुर पाऊस होता. ओल्या फरशीवर त्यांचा पाय सटकला. मी स्वयंपाकघरात होते. पडल्याचा आवाज ऐकला आणि मला कळलंच, हा साधा आवाज नाही. खुब्याचं हाड मोडलं. रामदासपेठेतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, मोकळ्या हवेत बसवा, नाहीतर ह्या पलंगालाच धरून राहतील.

मोकळी हवा आणायची कुठून? अंगणात नेलं तर वॉकरचे पाय फरशीवर सरकत. सकाळी नऊनंतर उजेड डोळ्यांत खुपायचा. मग खोलीतून स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरातून खोली. उठवणं, बसवणं, धुणं, भरवणं. माझे स्वतःचे गुडघे कधीचे गेलेले. आपली रश्मी बंगळुरूहून व्हिडिओ कॉल करायची. "आई, स्वतःची काळजी घे गं." मी हो म्हणायचे. ती हौस कोणत्या वेळेत बसवू, ते तिनंही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एक दिवस आई म्हणाल्या, "सुनंदा, भिंती पाहू पाहू डोळे आंबले माहे. एखाद्या दिवशी मले बाहेर ठेव आणि विसरून जाय."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. पायरीही तापलेलीच होती. रडले नाही. रडायलाही थोडी ताकद लागते.

समोरच्या गावंडे काकूंची मृणाल तुम्हाला लहानपणीची आठवत असेल. ती बागकामाचं शिकली आणि आता लोकांची अंगणं आखून देते. माघात काकूंनी तिला माझ्याकडे पाठवलं. मला वाटलं, कुंड्या सांगेल, रोपं सांगेल. तिनं एक खुर्ची मागितली. सकाळी बसली, दुपारी बसली, चारला पुन्हा येऊन बसली. ऊन कुठून कुठे जातं ते खडूनं फरशीवरच लिहीत होती. मग वहीत रेघा ओढत मला म्हणाली, "काकू, रोज किती वेळ देऊ शकता बागेले? खरं सांगा."

"खरं सांगू? काहीच नाही."

मला वाटलं, उठून जाईल. ती म्हणाली, "मग तसंच आखू. तुम्ही अंगणाची चाकरी नाही करायची. अंगणानं तुमची करायची."

इतक्या महिन्यांत माझी चाकरी कोणी करावी असं पहिल्यांदाच कोणी बोललं होतं. मी तिला चहा करायला आत गेले आणि बराच वेळ आतच उभी राहिले.

चैत्रात मिस्त्री आले आणि फरशी फोडायला लागले. तुमची फरशी! पहिला घाव पडला तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? खालची माती पाहून मात्र कसंसंच झालं. राखेसारखी, वास नसलेली. आठ वर्षं तिला ना हवा मिळाली, ना पाणी. मृणालनं शेणखत मिसळलं, पाणी मारलं. म्हणाली, वेळ लागेल, पण येईल वळणावर.

तिनं काय काय केलं ते ऐका, तुम्हाला असल्या गोष्टी आवडायच्या. आईंच्या दारापासून फाटकापर्यंत खडबडीत दगडाची वाट, वॉकर मावेल एवढी रुंद. पायरीऐवजी उतार. एका बाजूला धरायला लोखंडी दांडा. वाटेच्या मध्यावर बाक. तो किती उंच हवा, ते आईंना माझ्या खुर्चीवर बसवून, उठवून, गुडघ्याशी टेप लावून ठरवलं. बाकावर बांबूचा मांडव, वेल चढेपर्यंत हिरवी जाळी. नळ बाकाजवळच, म्हणजे बादल्या वाहायला नकोत. आणि पावसाचं पाणी फरशीवरून थेट स्वयंपाकघराच्या दारात यायचं ना? तिथे पाणी जमिनीत मुरवायला शोषखड्डा. ह्या पावसाळ्यात एकदाही पोतं टाकावं लागलं नाही.

हे सगळं आधीही करता आलं असतं. तुम्हाला हिशोबी डोकं होतं, मला सवड नसली तरी जीभ होती. दोघांनी एक दिवस खुर्च्या टाकून ऊन कुठून येतं एवढं जरी पाहिलं असतं! अंगणही आखावं लागतं, हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही. स्वयंपाकघराचा ओटा कुठे हवा यावर महिनाभर वाद घातला आपण. अंगण म्हणजे उरलेली जागा.

वैशाखात आई पहिल्यांदा बाकापर्यंत आल्या. मी मागून धरलेलं. बसल्या, मांडवाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे चांगलं केलं वं." बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्या पाच वाजायची वाट पाहू लागल्या. मी तापलेल्या मातीवर पाणी शिंपडलं की गार वारा सुटायचा. मग गावंडे काकू येऊन बसत. भाजीवाली फाटकाशी थांबून आईंना भाव सांगत बसे. आई घ्यायच्या काही नाही, घासाघीस मात्र पूर्ण करायच्या! मेथीची जुडी मांडीवर दिली तर निवडूनही देऊ लागल्या. एका संध्याकाळी काकू म्हणाल्या, "तू जाय आत, पड घडीभर. मी आहे इथं." मी पडले आणि दिवे लागेपर्यंत झोपले. तुम्ही गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती.

आता आजचं सांगते.

पश्चिमेचा कोपरा मृणालनं झाडासाठी राखून ठेवला होता. पाऊस स्थिरावल्यावर लावू म्हणाली होती. मी सांगितलं होतं, निंबच लाव. आज माळी खड्डा खोदायला आला. हातभर खाली गेला तर जुन्या निंबाची मुळी लागली. पार कुजलेली, कुदळीनं भुगा होत होता. मी आईंच्या शेजारी बाकावर होते.

मृणालला म्हटलं, "निंब लावशील, पण पाला कोण झाडणार? माझी कंबर राहिली नाही आता."

ती म्हणाली, "झाडायचा काहून, काकू? बुंध्याभोवती वाफा करते. पाला त्यातच पडू द्यायचा. मातीवर पांघरूण होते त्याचं, ओल टिकते."

एवढं सोपं? आणि आई एकदम बोलल्या.

"वसंताले हे कोणी सांगतलं असतं तर झाड राहिलं असतं."

मी म्हटलं, "त्यांना कुठे झाड हवं होतं, आई? त्यांना गाडी ठेवायची होती."

आई माझ्याकडे वळल्या. "गाडी? गाडीचं त्यानं तुले सांगतलं. तू दर फागुनात काय म्हणत होती, आठवते? या पाल्यापायी कंबर मोडली माही, कोणी तोडत काहून नाही याले! त्या वर्षी तुले उठता येत नव्हतं. तुले लग्नाले धाडलं आणि त्यानं झाड पाडलं, फरशी टाकली. म्हणे, आता तिले झाडू नाही लागणार, एक फडकं मारलं की झालं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मी म्हटलं होतं, सांगून टाक. तर म्हणे, नको आई, स्वतःलेच बोल लावत बसन ती. माह्यावर चिडू दे. माह्यावर चिडली तर चालते."

अहो, काय केलंत हे?

मी खरंच म्हणायचे ते. दर फाल्गुनात, खराटा हातात घेऊन, ओरडून म्हणायचे. वैतागलेली बाई बोलते तसं. ते कोणी मनावर घेतं का? तुम्ही घेतलंत! बाकी मी सांगितलेलं काही कधी लक्षात राहिलं नाही तुमच्या, हे तेवढं राहिलं! मला विचारायचं तरी. मी म्हटलं असतं, तोडू नका, खराटा तुम्ही धरा आठवड्यातून दोनदा. एवढंच हवं होतं मला. आणि मीही ते सरळ कधी मागितलं नाही, हेही खरं.

सात वर्षं तुम्ही माझे टोमणे ऐकलेत. त्या दुपारी कूलरसमोर पडून तेही ऐकलंत. तेव्हा तोंडातून एक शब्द काढला असता तर? तुम्ही काढला नाहीत. तुम्हाला वाटलं, स्वतःला बोल लावण्यातून मी वाचले. मी वाचले नाही हो. आता ह्या वयात एकदम सगळं अंगावर आलंय.

मी बाकावर बसून रडले. माळी खोदायचा थांबला. आईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रड. मग पाणी दे मले." म्हणजे रडू संपलं की उठायचं होतंच. पण मृणालनं मला उठू दिलं नाही, पाणी तिनं आणलं.

निंब लागला. गुडघ्याएवढा आहे. त्याची सावली ना आईंना मिळणार, ना बहुतेक मला. मृणाल म्हणते, मांडव आहे तोवर. असू दे.

मग संध्याकाळी रश्मीचा फोन आला. "आई, कशी आहेस?" तोंडावर "मी बरी आहे" आलंच होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "मी थकली, बेटा. एकटीनं होत नाही आता. महिनाभर येऊन राहतेस का?" ती म्हणाली, "तू कधी बोलली का नाहीस?" मी काय सांगणार? आपल्या घरात बोलत नसतात, असं? ती शनिवारी येते आहे. काम घरूनच करीन म्हणाली.

तुमची माफी मागायला बसले होते, पण तुम्हीही थोडे चुकलातच. म्हणून अर्धी माफी मागते, अर्धी तुम्हाला देते.

आणि एक वचन देते. ह्यापुढे दमले तर दमले म्हणेन. काही हवं असेल तर टोमण्यातून नाही, तोंडानं मागेन. राग आला तर आधी कारण विचारेन, आणि कोणी खोटं कारण सांगितलं तर दुसऱ्यांदा विचारेन. तुम्हाला मी एकदाच विचारलं होतं.

तुमची,
सुनंदा