जी टेस्ट मी लिहिली नाही

बंगळूर,
१४ ऑगस्ट २०११

प्रिय प्रियंका,

सप्रेम जय भीम. हे पत्र काशप्पा मास्तरांच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण घरातला एकुलता एक मोबाईल अप्पांच्या खिशात असतो आणि हे आधी तुला कळायला हवं. नर्सिंगच्या यादीत तुझं नाव नाही आणि काकांच्या मुक्ताचं, तुझ्याहून कमी मार्क असून, आहे. माय फोनवर म्हणाली, "अप्पा म्हणायलेत, फारम भरायला म्हनून औरादला गेली आन कुठं हिंडून आली की. लग्नाचं उदगीरच्या पाव्हण्यायला व्हय म्हणायलेत." तू पावती दाखवलीस, तर तिच्यावरचा नंबर नर्सिंगच्या संस्थेत मुक्ताच्या नावावर निघाला. त्यानंतर तुझं कोणीच ऐकलं नाही. मीही फोनवर नुसतं हं हं केलं.

अण्णा, तू दिवसभर करतोस तरी काय, असं तू नेहमी विचारायचीस. आज सांगतो. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत कोड, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहायच्या आधी त्याची टेस्ट, म्हणजे तपासणी, लिहितात. कोडच नसल्यामुळे ती आधी नापास होते, पडद्यावर लाल पट्टी येते. मग ती पास होईल एवढाच कोड लिहायचा, की पट्टी हिरवी. मला ही पद्धत मनापासून आवडते. पण सगळंच आम्ही लिहीत नाही. अर्ज साठवणं, दुबार आलेले गाळणं, यासाठी दुसऱ्या कंपनीचं तयार फ्रेमवर्क असतं. घराचा सांगाडा त्यांचा, भिंती आमच्या. त्याच्या आत हात घालता येत नाही, म्हणून निदान ते कसं वागतं याची टेस्ट लिहा, असं मी नव्या लोकांना बजावत असतो. स्वतः मात्र घाई केली. खऱ्या फ्रेमवर्कला वेळ लागायचा, म्हणून टेस्टमध्ये त्याच्या जागी एक नकली उभं केलं, मी म्हणेन त्याला मान डोलावणारं. पट्टी कायम हिरवी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

ते फ्रेमवर्क आडनाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच समजतं आणि नंतरचा अर्ज आधीच्या अर्जावर चढवतं. शहरात असं सहसा जुळत नाही. पण ठाणाकुशनूरला आपल्या गल्लीत आडनाव एकच, आणि तात्याराव गुरुजींनी शाळेत घालताना सगळ्यांनाच एक जूनला जन्माला घातलेलं. तू आणि मुक्ता तर एकाच वर्षी शाळेत गेलात. माझाही जन्म कागदावर एक जूनचाच. तरी टेस्टसाठी मी दहा खोट्या मुली तयार केल्या आणि दहाजणींना दहा वाढदिवस दिले. गल्लीतली एकही पोर मला आठवली नाही. याची फार लाज वाटते.

हो, तुमच्या नर्सिंग संस्थेच्या ऑनलाइन अर्जांचं काम मीच केलं. तू सोमवारी अर्ज भरलास, मुक्तानं मंगळवारी, आणि तिचा तुझ्यावर चढला. तुझा परत काढता येत नाही, मी सगळं करून पाहिलं. गेल्या आठवड्यात तुमच्या दोघींची टेस्ट लिहिली. लाल झाली. फ्रेमवर्कवाल्यांना कळवलं, तर ते म्हणाले, आमचं हे असंच चालतं, पुढच्या आवृत्तीत बघू.

शुक्रवारी कंपनीनं संस्थेला उत्तर पाठवलं, की गहाळ अर्जांत चूक अर्जदारांची आहे. त्याखाली सही माझी आहे. नोकरी जाईल म्हणून केली. सही करताना तुझं नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरीही केली. म्हणून हे पत्र. मायला आणि मुक्ताला बसवून अप्पांना ते वाचून दाखव. यादी बंद झाली, वर्ग सुरू झाले, तुझी जागा यानं परत येणार नाही. उदगीरकरांना अप्पा थांबवतील की नाही, तेही मला माहीत नाही. मी सांगून ते ऐकतील असं तोंड मला उरलेलं नाही. पण तू औरादला गेली होतीस आणि अर्ज नीट भरला होतास, एवढं तरी घरात कोणीतरी म्हणायला हवं होतं. ते मी महिनाभर म्हटलं नाही.

तुझाच,
धम्मानंद अण्णा