रंगीबेरंगीच्या मुळाशी मामा

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी तूर्त पाचच अंगांचा समजून घ्यावा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीची सर्दी, मांजरीचं बाळंतपण आणि वरच्या भाडेकरूची बासरी ही तिन्ही एव्हाना आटोक्यात आली असतील, अशी आशा आहे.

इकडे माझी नोकरी कायम होणार की मला नारळ मिळणार, हे एका शब्दावर येऊन अडकलं होतं. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत उमेदवारी संपताना प्रत्येकाला एक शब्द देतात आणि त्याचं मूळ शोधून आणायला सांगतात. मला आला ‘रंगीबेरंगी’. अर्थ काय, कुणीही सांगेल: नाना रंगांचं. पण मूळ? ‘रंगी’ कळलं. ‘बेरंगी’ म्हणजे तर ज्याला रंगच नाही असं. मग रंग असलेलं आणि नसलेलं एकत्र केल्यावर सगळे रंग येतात कुठून? शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, गोडधोडातल्या धोडासारखं ते नुसतंच मागून आलं असेल. पटण्यासारखं होतं, पण ‘नुसतंच मागून आलं’ असं लिहून कुणाची नोकरी कायम होत नाही.

म्हणून थेट कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याकडे गेलो. रंगीबेरंगी कुठून आलं, असं विचारलं. तो म्हणाला, “आज शिल्लक नाही, उद्या या.” त्याचा विश्वास बसेना म्हणून (की माझा, आता आठवत नाही) मी हौदात वाकून पाहिलं आणि पिवळ्यात पडलो. त्यानं मला दांडक्यानं वर काढलं आणि गडबडीत शेजारच्या निळ्यात सोडलं. लालापर्यंत पोचायच्या आत मी पळ काढला. कंबर गेली ती तिथेच. डावा कान अजून हिरवा आहे. बसमध्ये मात्र अख्खं बाकडं मला एकट्याला मिळालं.

शेवटी मूळ मीच तयार केलं. पूर्वीचे रंगारी म्हणे रंगीत कापडांच्या गठ्ठ्यात एक बिनरंगी तुकडा ठेवत, म्हणजे बाकीचे रंग उठून दिसत. त्या गठ्ठ्याचं नाव रंगीबेरंगी. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं, तर मलाच खरं वाटलं! पण कचेरीचा नियम असा, की खाली एका जाणकार वडीलधाऱ्याचं नाव हवं, आणि मुख्य संपादक स्वतः त्याला भेटून खात्री करणार. मला दुसरं कोण आहे? तुमचं नाव घातलं. संपादकांनी (फार हळवा माणूस) वाचलं, चष्मा पुसला आणि लगेच मला कायम केल्याच्या पत्रावर सही केली. मामा, त्या क्षणी तुमची इतकी आठवण आली म्हणून सांगू!

मामीला नमस्कार, पिल्लांना पापा.

तुमचा (कायम झालेला) भाचा

ता. क. संपादक गुरुवारी संध्याकाळी तुमच्याकडे येत आहेत. नळदुरुस्तीचे पान्हे पलंगाखाली सरकवावेत आणि तुम्ही कृपया घरी नसावं.

आणखी एक ता. क. खात्री करायला कुणी येऊच नये, म्हणून तुमच्या नावाआधी मी ‘कै.’ लावलं होतं. त्यामुळे ते आता सांत्वनाला येताहेत. तुमच्या विद्वत्तेचं कौतुक सुरू झालं, की मामीनं तेवढं हसू नये.