पालक माझ्यावर विश्वास ठेवू लागले आहेत

७ जुलै, सोमवार
पालकसभा. विषय: समुपदेशक आणि पालक यांच्यातला विश्वास. मांडला मीच. दहाव्या मिनिटाला दोन आयांनी एकमेकींचे केस धरले. एका वडिलांनी खुर्ची भिरकावली, ती काच फोडून खाली गेली. सुदैवाने खाली फक्त मुख्याध्यापकांची स्कूटर होती.
मुख्याध्यापक म्हणाले, इतक्या वर्षांत एक पालक तुमच्याकडे आपणहून आलेला नाही. खोटं आहे. एक आले होते. त्यांना स्वच्छतागृह हवं होतं, पण आले होते.
संकल्प: महिनाभरात पालकांचा विश्वास मिळवायचा. रोज हसायचं. बोट रोखून बोलायचं नाही.

८ जुलै
हसले. शिपाईमावशींनी विचारलं, बाई, दाढ ठणकतेय का?

१० जुलै, गुरुवार
आठवीतल्या एका मुलीने वर्गमैत्रिणीचा पुढचा दात पाडला. वर्ग तिला बॉक्सरच म्हणतो. दात कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर. दातवालीची आई आली. पुन्हा असं झालं तर त्या कार्टीचे राहू देत, तुमचे बत्तीसच्या बत्तीस घशात घालीन, म्हणाली. माझे एकोणतीसच आहेत, असं मी शांतपणे सांगितलं. खरी माहिती देणं हाच विश्वासाचा पाया.
बॉक्सर चाळीस मिनिटं गप्प. मी हसले, तरी गप्प. शेवटी कागद-पेन दिलं. लिहिलेलं या खोलीबाहेर जाणार नाही, म्हटलं. हे मी सगळ्यांनाच म्हणते.
दीड पान लिहिलं. वडील गॅरेजवाले. जुन्या फॅनबेल्टने मारतात. हिला आणि आईला. खाली तारीख, सही. अक्षर सुरेख. पप्पांना सांगणार नाही ना, असं तीनदा विचारलं. तीनदा नाही म्हटलं.

११ जुलै
नियमाप्रमाणे असा कागद त्याच दिवशी बालसंरक्षण कार्यालयाला कळवायचा. मान्य. पण मग अधिकारी येणार, चौकशी होणार, एक पालक कायमचा दुरावणार. लपवाछपवी करून विश्वास कसा मिळेल? बाकीचे समुपदेशक नेमके इथेच चुकतात.
गॅरेजवाल्यांना फोन केला. मावशी म्हणाल्या, बाई, बापाला सांगू नका हो, पोरीला जिवंत ठेवायचा नाही. मी बोट रोखून त्यांना बाहेर पाठवलं. (बोटाचा संकल्प उद्यापासून.)

१४ जुलै, सोमवार
गॅरेजवाले आले. आपणहून! (फोन माझा होता, पण चालत तेच आले.) अतिशय नम्र माणूस. पूर्ण दीड पान वाचून दाखवलं. त्यांचे डोळे भरले. म्हणाले, मॅडम, आईबापाचं ऐकून घेणारं या शाळेत पहिल्यांदा कुणी भेटलं. पोरगी काय वाट्टेल ते रचते हो.
पान मागितलं, घरी निवांत वाचतो म्हणाले. दिलं. विश्वास अर्धामुर्धा ठेवता येत नाही. तेलकट हात रुमालाला पुसून त्यांनी नीट घडी घातली आणि खिशात ठेवलं.
अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला. पाचपैकी पाच.

१५ जुलै
बॉक्सर गैरहजर. घरी संवाद चालू असणार.

१६ जुलै
गैरहजर. संवाद लांबलेला दिसतो.

१७ जुलै
मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये फॉर्म वाचून दाखवला. टाळ्या. मावशींनी चहाचा कप माझ्यापुढे आपटला. निम्मा चहा बशीत.

२१ जुलै, सोमवार
बॉक्सर आली. डावा हात प्लास्टरमध्ये. एक डोळा सुजून मिटलेला. मानेवर पट्ट्याच्या रुंदीचा वळ. बस म्हटलं, बसली नाही. काय झालं विचारलं. जिन्यावरून पडले. आणि आई? तीही पडली. मागे लिहिलेलं? ते खोटं होतं.
घराचा पत्ता काढून पाहिला. तळमजला.

दुपारी १२.४०
बालसंरक्षण कार्यालयाला फोन केला. तिथल्या अधिकारी बाईंनी विचारलं, मुलीने स्वतः काही सांगितलंय का? लिहून दिलंय, म्हटलं, तारीख आणि सहीसकट. त्या एकदम घाईने बोलू लागल्या. फार चांगलं केलंत, हा कागद असला की काम सोपं, जिवापाड जपा, निघालेच.
मग कागद कुठे आहे ते सांगितलं.
जबरदस्तीने नेला का, असं त्यांनी विचारलं. नाही. मीच दिला.

दुपारी २.१०
अधिकारी बाई आल्या. मुलीला म्हणाल्या, आज तुला घरी पाठवणार नाही, आईलाही घेऊन येऊ, पण तुला पुन्हा सगळं सांगावं लागेल. मुलगी म्हणाली, सांगते. मावशी बसू देत. या बाईंना आधी बाहेर काढा.
बाहेर आले. मावशींनी आतून कडी घातली.