मोटार गार होईपर्यंत

चिमणे,

शेडमधल्या ग्राइंडरला काल जळका वास येत होता. खोलून बघितला. मोटार थोडक्यात वाचली आहे. हवेच्या जाळीत लोखंडाची भुकटी ठासून भरली होती, ती माझ्या जुन्या दाढीच्या ब्रशने साफ केली. ब्रश तिथेच खिळ्याला लटकवलाय, वापरत जा.

ती बारीक लांबलचक वायर आता लावू नकोस. तिच्यातून पुरेशी वीज पोचत नाही आणि मोटार तापते. जाड वायर काढून ठेवली आहे, पण गुंडाळी पूर्ण सोडून वापर. आणि मशीनवर असा जोर देऊ नकोस गं. राग माझ्यावर आहे ना, मग त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय?

आई गेल्यापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण फाटकाची कडी वाजली की तू चालतं मशीन खटकन बंद करतेस आणि मागच्या दाराने निघून जातेस. आतला पंखा थांबतो आणि सगळी उष्णता मोटारीतच कोंडते. मी येतो तेव्हा तिला हात लावता येत नाही. काम झालं की तिला थोडा वेळ रिकामी फिरू द्यायची, म्हणजे वाऱ्याने गार होते.

तेव्हा यापुढे कडी वाजली तरी घाई करू नकोस. आवाज थांबेपर्यंत मी फाटकाशीच उभा राहीन. तू आत आहेस, एवढं तरी ऐकू येईल.

बाबा