फिरत्या वहीत चिकटवलेलं पत्र

रिसोड,
१२ डिसेंबर १९७८

प्रिय फुला,

सप्रेम जयभीम.

चार महिने झाले, तुझं पत्र नाही. पंधरा दिवसांनी ठरल्यासारखं येणारं तुझं इनलँड ऑगस्टात बंद झालं, आणि तेव्हापासून पोस्टमन गल्लीत शिरला की मी उगाच चष्मा पुसत दारात उभा राहतो. तो बिचारा आता लांबूनच नाही म्हणून हात हलवतो. तुझ्या आईचे गुडघे थंडीनं धरले आहेत. तूर यंदा बरी आहे. शेळीला दोन पिल्लं झाली, त्यातलं एक अगदी तुझ्यासारखं हट्टी आहे. मागच्या सोमवारी मालेगावच्या स्टँडवर गुलाबराव दिसले. मी हाक मारली. त्यांनी ती ऐकली, कारण हाकेसरशी त्यांचे कान लाल झाले. मग ते मंगरूळच्या गाडीत चढले आणि पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसले. सासऱ्याकडे पाठ फिरवणारा तो माणूस नव्हे. गाडी हलेपर्यंत मी खाली उभा होतो, पण त्यांनी मान वळवली नाही. ही पाठ त्यांना कोणी फिरवायला लावली ते सांगायला बसलो आहे. मध्ये मध्ये माझा संताप होईल. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाचा संताप कसा असतो ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे, तेव्हा सहन कर.

आमच्या फिरत्या वहीबद्दल तू ऐकलं आहेसच. पण ती मी का सुरू केली ते तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. तुझ्या आजोबांना अक्षर येत नव्हतं. त्यांच्या भावाचं नागपूरहून पत्र आलं की ते घेऊन गावातल्या एका मोठ्या घरासमोर जायचं, अंगणात उभं राहायचं, आणि ओट्यावरून मालक वाचून दाखवील ते ऐकायचं. एकदा त्या पत्रात लिहिलं होतं की भावाची बायको घर सोडून निघून गेली. मालकानं ती ओळ वाचली, ओट्यावरच्या मंडळींकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा मोठ्यानं वाचली. लोक हसले. आजोबांनी पत्र परत मागून घेतलं, कमरेला खोचलं, आणि घरी आल्यावर मला पाटी आणून दिली. आपल्या घरात अक्षर आलं ते असं आलं. म्हणून दुसऱ्याचं पत्र उघडणारा माणूस मला चोरापेक्षा वाईट वाटतो. आणीबाणीत माझी दोन पत्रं फोडून चिकटवलेली आली तेव्हा मी आठ दिवस जेवलो नाही धड.

तर गेल्या वर्षी आम्ही चौघांनी वही काढली. मी रिसोडचा, दौलतसिंग माझ्या शेजारचा, मालेगावचा कापडदुकानदार जानराव आणि मंगरूळपीरचा शिंपी लखीराम. विषय एकच, टपालाची गुप्तता. कोणाचं पत्र कुठं फोडलं गेलं, चिकटवावं कसं, लाख लावावी की खळ, तक्रार कोणाकडं करावी. ज्याच्याकडं वही येईल त्यानं आठ दिवसांत लिहून फडक्यात बांधायची आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती पुढच्याला पाठवायची. पहिल्या पानावर मी दोन नियम लिहिले. लिहिलेलं खोडायचं नाही आणि वहीचं पान फाडायचं नाही. मला वाटलं होतं, बोललेलं पुसता येत नाही म्हटल्यावर माणसं जपून बोलतील.

कशाची जपतात! पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीत दौलतसिंगनं लिहिलं की मालेगावकडची पत्रं उशिरा येतात. झालं. जानरावला ते लागलं. त्यानं लिहिलं, मालेगावची माणसंही वेळेवर येतात आणि बैलही, रिसोडचे बैल मात्र शंकरपटाच्या शर्यतीत अजून पोचायचे आहेत. मग त्या पटात कोणाची जोडी पहिली आली, घड्याळ कोणाकडं होतं, पंच कोणाचा साडू होता, यावर सतरा पानं! सतरा! मी समासात लाल शाईनं लिहिलं, कृपया विषयावर या. तर जानरावनं त्याखाली लिहिलं, "मास्तर, शाळा सुटली. आता तरी घंटी वाजवनं बंद करा." आणि खाली बायामाणसांच्या पत्रांवर असा एक विनोद लिहिला की ते पान उघडं ठेवून मला तुझ्या आईसमोर बसवेना. लखीरामनं त्यावर आणखी एक जोडला. असले विनोद लिहिताना माणसाचं अक्षर कसं गोलगोल, छान येतं, ते मी त्या वहीत पाहिलं. मी चिडून लिहिलं की हे थांबवा, तर उत्तर आलं, "हसता येत नसीन त काहून वाचता?" आता याला काय म्हणावं! वही माझी, विषय माझा, आणि हसता येत नाही म्हणून गुन्हेगारही मीच.

मी तेव्हाच वही बंद करायला हवी होती. तुझ्या आईनं तसं सांगितलंही होतं. पण मला वाटत होतं की एखादा असा नमुना समोर ठेवावा की ही माणसं लाजून विषयावर येतील. आणि जुलैत तुझं ते पत्र आलं.

ते एका बाजूनं उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. ज्वारीच्या पिठाची खळ, कडेला वाळून पांढरी झालेली. तुमच्या गावचं टपाल दुकानाच्या फळीवर पडून राहतं, मीठमिरची घ्यायला येणारा कोणीही ते हाताळतो, हे तूच लिहीत आली होतीस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. लग्न ठरवताना गुलाबराव सातवी पास असल्याचं आपल्याला सांगितलं होतं, पण तेव्हा त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, हे तू दोन वर्षांनी मला लिहिलंस. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तुला खरं सांगितलं, रडले, आणि तू कोणाला सांगितलं नाहीस. दुपारी वावरात, बाभळीच्या आडोशाला, तू त्यांना पाटीवर शिकवतेस. काना, मात्रा, वेलांटी, उकार झाले, जोडाक्षरं राहिलीत. "बाबा, हे फक्त तुम्हाला सांगते. त्यांच्यावर रागावू नका. मला मास्तराच्या मुलीचं काम मिळालं आहे," असं तू लिहिलं होतंस. फुला, ते वाचून मी रागावलो नाही. मला आजोबांची पाटी आठवली आणि मी चष्मा काढून ठेवला.

आणि दुसऱ्या दिवशी तेच पत्र मी वहीत चिकटवलं.

तू हे आतापर्यंत ओळखलं असशील, तरी मलाच लिहू दे. तुझं नाव आणि गाव मी कापून टाकलं होतं. पत्राची घडी मिटलेली ठेवली आणि फक्त पाठीमागची कड चिकटवली, म्हणजे फोडल्याची खूण दिसावी आणि आतला मजकूर झाकलेला राहावा. खाली लिहिलं, "नमुना. कृपया घडी उघडू नये." हसू नकोस, मला खरंच वाटलं की पत्राच्या गुप्ततेवर वर्षभर लिहिणारी माणसं दुसऱ्याचं पत्र उघडणार नाहीत. तीस वर्षं ज्यानं पोरांना कुलूप नसलेल्या कपाटाजवळ बसवलं त्याला तरी एवढी अक्कल असायला हवी होती.

वही मंगरूळला न जाता मालेगावहूनच परत आली तेव्हा तुझं पत्र उघडलेलं होतं आणि शेजारच्या पानावर जानरावनं ते सगळं उतरवून काढलं होतं. 'मास्तराच्या मुलीचं काम' ही ओळ वाचून त्यानं तुझं नावही घातलं होतं. खाली विनोद. एक जावयाच्या पाटीवर, एक बाभळीच्या आडोशावर, तो मी इथं लिहिणार नाही. आणि शेवटी एक ओळ, "कालपर्यंत ज्यांची पत्रं आमच्या ओट्यावरून वाचल्या जात होती, त्यांले आता गुप्तता पायजे."  आणि मग मी काय केलं असेल? तुझं पत्र सोडवून घेतलं असेल? नाही. मी शाई भरली आणि उत्तर लिहायला बसलो. अकरा पानं लिहिली. त्याच्या ओट्याबद्दल, त्याच्या बापाबद्दल, शंकरपटातल्या घड्याळाबद्दलही. एकेका वाक्यावर खूश होत लिहिली. जानरावला ती वाचायला मिळावीत आणि लखीरामनंही पाहावं की मास्तरानं कशी जिरवली, यासाठी मी पान फाडलं नाही. पान फाडायचं नाही असा नियम होता ना, माझाच! वही फडक्यात बांधली, तुझं पत्र आत ठेवून, आणि सकाळच्या गाडीनं मंगरूळला पाठवली.

ज्यानं वाटेत चोरून तुझं पत्र उघडलं होतं, त्यानं निदान तोंड तरी बंद ठेवलं. गावाला कळलं ते आमच्या गुप्ततेच्या वहीतून.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला ते लखीरामच्या हातचंच वाचायला मिळालं. बाजाराच्या दिवशी गुलाबराव सदरा शिवायला टाकायला आले. दुकानात चार माणसं बसली होती. त्या माणसांनी वही गुलाबरावांच्या हातात दिली, मुद्दाम उलटी धरून, आणि म्हणाले, "पाय बरं, तुया सासऱ्यानं काय लिवलं हाय." चार माणसांसमोर भांबावलेल्या गुलाबरावांनी ती तशीच उलटी धरली आणि वाचत असल्यासारखी मान हलवली. लखीराम लिहितो, "लय मजा आली." उलटी वही धरून उभा राहिलेला माझा जावई मला रोज दिसतो. तुझे सासरे उकंडराव परवा बाजारात भेटले, नमस्कार चुकवला नाही त्यांनी, एवढंच म्हणाले, "पोरानं पाटी विहिरीत टाकून देल्ली." 

तुझी आई जेवण वाढताना एकदाच बोलली, "दुसऱ्याच्या पत्राले कुलूप लावत होते तुमी, अन् पोरीचं उघडं टाकून देल्लं. तो जानराव त परका हाय." मी तिला सांगू लागलो की जानरावनं आधी, आणि लखीरामनं नंतर, आणि मुळात दौलतसिंगनं. ती म्हणाली, "हे पाय, अजून बी वहीतच लिवून राह्यले."  गेले चार महिने मी मनातल्या मनात जानरावला उत्तरंच लिहीत होतो, तुला एक ओळ लिहिली नव्हती. काल मी त्या वहीतली ती सगळी पानं फाडली, माझी अकराही, आणि चुलीत घातली. नियम मोडला म्हणून दौलतसिंग तावातावानं भांडायला आला होता, त्याला म्हटलं, वही संपली.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. सोबत तुझं पत्र परत देतो आहे. पाण्यानं सोडवलं तरी कडेला वहीचा कागद चिकटून राहिलाच आहे, तेवढं माफ कर. हे पाकीट मी टपालात टाकणार नाही. गुरुवारी मीच आणून तुझ्या हातात देईन आणि खाली अंगणात उभा राहीन, आजोबा उभे राहायचे तसा. तू हे वाचून संपवशील तेव्हा मी तिथंच असेन. तुझी माफी मी मागतो आहे, पण तुझ्याआधी ज्यांची मागायला हवी ते माझं हे पत्र वाचू शकणार नाहीत, आणि त्यांना ते कोणी मोठ्यानं वाचून दाखवावं हे मला आता चालणार नाही, अगदी तूसुद्धा. म्हणून शेवटचा कागद वेगळा ठेवला आहे. जाड टाकानं, मोठ्या अक्षरात, जोडाक्षराशिवाय लिहिला आहे. नवीन पाटी माझ्या पिशवीत आहे. कागद त्यांच्या हातात दे, सरळ धरून दे, आणि तू आत निघून जा. त्यांना किती का वेळ लागेना. त्यांनी बोलावलं तर वर येईन, नाही बोलावलं तर पाटी ओट्याच्या कडेला ठेवून परत फिरेन.

तुझाच, अंगणात उभा असलेला,
बाबा

गुलाबराव,
मी चुकलो.
तुमची लाज मी बाजारात नेली.
मला माफ करा.
पाटी सोडू नका.
तुमचा सासरा